खुराड्यातले सतरा फोन

ऑफिसात तिला सगळे नापासबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. प्रोग्रामर मंडळींनी आठ-आठ दिवस घासून केलेलं काम तिच्या टेबलावर यायचं आणि दुपारच्या चहाच्या आत लाल शाईचा ‘नापास’ शेरा कपाळावर घेऊन परत जायचं. सुरुवातीला तिला हे नाव झोंबलं होतं. मग तिच्या लक्षात आलं की ही मुलं ज्याला घाबरतात त्यालाच टोपणनाव ठेवतात, आणि तेव्हापासून ती त्या नावाला ओ देऊ लागली.

कंपनी लहान होती. दाताच्या दवाखान्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या आणि वीस-बावीस माणसं. ती सगळी मिळून एकच गोष्ट करत: मधुमेहाच्या रोग्यांसाठी फोनवर चालणारं एक अ‍ॅप. रोग्याच्या दंडावर नाण्याएवढी एक चकती चिकटवलेली असते. ती दर पाच मिनिटांनी रक्तातली साखर मोजते आणि फोनला कळवते. साखर धोक्याच्या रेषेखाली उतरली, की फोनने बोंब मारायची. ती बोंब वेळेवर निघते की नाही हे पाहणं नापासबाईचं काम. सगळ्या फोनवर निघाली, तरच ती कागदावर ‘इशारा सर्व फोनवर वाजला’ असं लिहून खाली सही करायची. तिची सही झाल्याशिवाय नवीन आवृत्ती बाहेर जात नसे.

या नोकरीत ती शिरली तीच भांडत. त्याआधी ती एका कारखान्यात गॅसच्या शेगडीचे रेग्युलेटर तपासायची. साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की माल परत. लेक नऊ वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला, रोज इन्सुलिन टोचावं लागतं तसला. तेव्हा ती नोकरी सुटली. लेकीच्या दंडावर चकती आली, फोनमध्ये हे अ‍ॅप आलं आणि आईला एक नवीनच उद्योग लागला. अ‍ॅपच्या हेल्पलाइनला ती आठवड्यातून तीनदा फोन करायची. आज दोन मिनिटं उशिरा वाजला, काल आवाज बारीक होता, परवा आकडा दिसला पण रंग बदलला नाही. शेवटी कंपनीचे साहेबच फोनवर आले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही असं करा, इथेच या. निदान तक्रारी कागदावर तरी येतील.”

ती गेली. साहेब तिच्याहून दहा वर्षांनी लहान होते. पहिल्या दिवशी त्यांनी तिला एका टेबलावर पसरलेले सतरा फोन दाखवले. कुणाची बॅटरी संपलेली, कुणाची वायर गायब, कुणाखाली बिस्किटाचा चुरा. ती दोन दिवस नुसती बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी सुताराला बोलावून लाकडी मांडणी करून घेतली. सतरा कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक फोन, प्रत्येक फोनला मागून चार्जरची वायर, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. फोन कधी मरायचा नाही, शोधायला लागायचा नाही. साहेबांनी पाहुण्यांना आणून आणून ती मांडणी दाखवली. प्रोग्रामर मुलांनी तिचं बारसं केलं ‘खुराडं’ आणि रोज सकाळी आल्याबरोबर विचारू लागली, “काय नापासबाई, आज किती अंडी?”

सतरामध्ये दोन जातीचे फोन होते. एका जातीचे सहा; फोनही एकाच कंपनीचा आणि आतली व्यवस्थाही तिचीच. दुसऱ्या जातीचे अकरा; आतली व्यवस्था एकाची, पण फोन बनवणारे दहा आणि प्रत्येकाने आपापली ढवळाढवळ केलेली. नापासबाईने पहिल्यांना ‘सासर’ आणि दुसऱ्यांना ‘माहेर’ असं नाव दिलं होतं.

“सासरी सगळं जागच्या जागी,” ती नव्या माणसाला समजावायची, “पण पाऊल टाकायचं तरी विचारून. बाहेरचा माणूस दारातच उभा राहणार. माहेरी मोकळं. हवं ते कर, हवं त्याला घरात घे. पण मग कोण आलं, कोण गेलं, कुणाचा पत्ता कुणाला नसतो.”

“मग चांगलं कुठलं, ताई?” असं तिला हमखास विचारणारा म्हणजे सगळे ज्याला चष्मा म्हणत तो प्रोग्रामर. बोंब वाजवणारा भाग त्यानेच लिहिला होता. हुशार, मितभाषी, आणि आपल्या कामाला नापास मिळालं की दिवसभर न जेवणारा.

“ज्याची त्याची बाई सांगेल,” ती म्हणायची.

लेकीला मात्र तिने माहेरचाच फोन घेऊन दिला होता, खुराड्यातल्या सहा नंबरच्या जातीचा. सहा नंबर चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

*

त्या मंगळवारी लेकीची चित्रकलेची परीक्षा होती. तीन तासांचा पेपर. शाळेने खास परवानगी दिली होती, की तिचा फोन पर्यवेक्षक बाईंच्या टेबलावर राहील. वाजला तर त्या तिला उठवून साखरेची गोळी घेऊ देतील. फोन टेबलावर पालथा ठेवला गेला. अडीच तास त्याला कुणी हात लावला नाही आणि तो वाजलाही नाही. पर्यवेक्षक बाई फेऱ्या मारताना लेकीच्या बाकाशी थांबल्या, कारण मुलगी रंगाच्या पाण्यात बुडवायचा कुंचला कागदाच्या बाहेर, बाकावरच फिरवत होती. कपाळ घामाने भिजलेलं. नाव विचारलं तर भलतंच काही सांगत होती. पर्यवेक्षक बाई शहाण्या. त्यांनी फोनची वाट पाहिली नाही. शिक्षकांच्या खोलीतून साखर आणून पाण्यात कालवली आणि घोट घोट पाजली.

शाळेतून फोन आला तेव्हा नापासबाई खुराड्यासमोरच बसली होती. लेकीची साखर उतरली तर तिच्याही फोनवर बोंब यायला हवी होती. तिचा फोन शेजारी गप्प पडला होता. समोर सतरा फोन हिरवे दिवे लावून शहाण्यासारखे बसले होते.

शाळेच्या आजारी मुलांच्या खोलीत लेक पांघरूण घेऊन बसली होती. आईला बघितल्याबरोबर ती म्हणाली, “माझंच बोट लागून रंग पुसला गेला गं. सगळा पेपर गेला.” आणि मग, “तुझं अ‍ॅप नापास.”

बुधवारी सकाळी तिने लेकीचा फोन चष्म्यासमोर ठेवला. त्याने आतली नोंद उघडली. साखरेचा आलेख अखंड होता. पाच-पाच मिनिटांचा एकेक ठिपका, रेषेखाली उतरलेले सात ठिपके, सगळे जागेवर.

“ताई, अ‍ॅप चालू होतं. बंद असतं तर मध्ये भोक दिसलं असतं.”

“मग वाजलं का नाही?”

“आवाज बंद असेल. मुलं करतात.”

“माझी नाही करत. आणि माझ्या फोनवर का नाही आलं?”

चष्म्याने चष्मा काढून पुसला. नापासबाईने लेकीचा फोन खुराड्यात सहा नंबराच्या जागी ठेवला, वायर लावली आणि खोटी साखर पाठवणारी डबी चालू केली. ही डबी चकतीचं सोंग घेते आणि हवा तो आकडा फोनला कळवते. दिवसभरात तिने नऊ वेळा साखर पाडली. नऊही वेळा फोनने अख्खा मजला डोक्यावर घेतला. खालून दाताच्या डॉक्टरांनी माणूस पाठवून विचारलं, की वर कुणाचं काय चाललंय.

संध्याकाळी ती लेकीला म्हणाली, “दिवसभर ठेवला होता. एकदाही चुकला नाही.”

लेक तांदूळ निवडत होती. “कुठे ठेवलास?”

“खुराड्यात, आणि कुठे?”

“म्हणजे चार्जरला?”

“हो.”

“आई, परीक्षेत कुठे चार्जर होता?”

लेकीने मान वर केली नाही, एक खडा काढून बाजूला टाकला. “आणि तू दर पाच मिनिटांनी उचलून बघत असशील. मला माहीत आहे तुझं. परीक्षेत कुणी हातसुद्धा लावला नव्हता.”

चार वर्षं. चार वर्षं तिने सतराच्या सतरा फोन भरपेट खाऊ घालून, कुशीत घेऊन तपासले होते. ज्या फोनला वायर आहे, ज्याला कुणी ना कुणी सारखा हात लावतो, तो फोन जागाच राहतो. पण वायरशिवाय, पालथा, तासनतास पडलेला फोन बॅटरी वाचवायला बघतो. सध्या काय लागत नाही ते एकेक करून निजवतो. त्यात बोंब मारणाराही निजतो, आणि आईच्या फोनला कळवणाराही. मग कुणीतरी फोन उचलतं, पडदा उजळतो, अ‍ॅप दचकून जागं होतं आणि चकतीत साठलेले सगळे आकडे एका दमात उतरवून घेतं. म्हणून आलेखात भोक नव्हतं. चूक आपल्या मागे आपणच झाडून गेली होती.

*

गुरुवारी तिने सतरा फोनांच्या वायरी काढल्या. मागच्या बैठकीच्या खोलीत ते टेबलावर पालथे मांडले, डबी ठेवली, दार लावलं आणि दारावर कागद चिकटवला: ‘आत कुणीही जाऊ नये.’ तीन तासांनी खोटी साखर उतरायची होती. दोन तासांनी ती सहज डोकावली तर साफसफाईच्या मावशी फोन एकेक उचलून फडक्याने पुसत होत्या.

“मावशी! दारावर कागद लावलाय ना?”

“लावलाय की. कुणीही जाऊ नये म्हणून. मी काय कुणीही आहे होय? धूळ बघा किती बसली होती, आता बघा कसे आरशासारखे झालेत.”

परत पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला चष्माच आत शिरला आणि किती वाजले ते बघायला समोरचा फोन उचलून बसला. “सवय, ताई,” तो ओशाळून म्हणाला. “हात आपोआप जातो.” त्या दिवशी तिला कळलं, की या ऑफिसात फोन तीन तास एकटा सोडू शकेल असा एकही माणूस नाही, आणि म्हणूनच ही चूक कुणालाच कधी दिसली नव्हती.

शुक्रवारी ती स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून बसली. तीन तास. साहेब जाता-येता बघत होते. वेळ झाली आणि आतून आवाज सुरू झाले. ती डोळे मिटून मोजू लागली, पण आवाज एकमेकांत मिसळत होते. दार उघडून तिने एकेक फोन पाहिला.

माहेरच्या अकरापैकी सात वाजले होते. चार गप्प होते. चारांत सहा नंबर होता.

सासरच्या सहापैकी पाच वाजले होते. चष्मा खूश झाला. “बघा, सासरचं बरं निघालं!” पण सहावा काळा पडदा घेऊन बसला होता. त्याने वाटेत कधीतरी आपलं आपण नवं काहीतरी उतरवून घेतलं होतं, स्वतःला बंद करून पुन्हा सुरू केलं होतं आणि आता मालकाने गुप्त आकडा घालण्याची वाट पाहत होता. तोवर आतल्या कुठल्याच अ‍ॅपला काही उघडायची परवानगी नव्हती.

“हा दोष नाही, ताई,” चष्मा म्हणाला. “हीच तर सुरक्षा. चोराने उचलला तर त्याला आतलं काही दिसू नये म्हणून.”

“चोराला माझ्या लेकीची साखर कळली तर कळू दे.”

“तसं नसतं ना. कुलूप एकदा सैल केलं की सगळ्यांसाठीच सैल होतं.”

त्याचं बरोबर होतं आणि तेच तिला सहन होत नव्हतं. एक फोन घराची इतकी काळजी घेत होता, की आत माणूस बेशुद्ध पडला तरी दार उघडणार नव्हता. दुसऱ्याचं दार उघडं होतं, पण राखणदार झोपलेला. तिने कागद घेतला. सतरा ओळी लिहिल्या. पाचांसमोर लाल शाईत शेरा दिला. मग कपाटातून मागच्या चार वर्षांचे कागद काढले. प्रत्येकाखाली ‘इशारा सर्व फोनवर वाजला’ आणि तिची ती ठसठशीत सही.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो छापखान्यातून नुकताच आला होता, हातावरची शाई धूत होता. “लेकीच्या फोनमधली ती बॅटरीची सेटिंग बदललीस ना?”

“बदलली.”

“मग झालं. अगं, चष्म्याला सांगून पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करून टाका. जुने कागद कोण बघतंय? तू बोललीस तर तुझ्याच गळ्यात यायचं. खुराडं तुझं, सही तुझी.”

“आणि बाकीची मुलं?”

तो बराच वेळ हात धूत राहिला. शाई निघाली होती तरी.

लेक आतून ऐकत होती. बाहेर येऊन तिने आपला फोन आईच्या पुढ्यात ठेवला. “मैत्रिणी म्हणतात दुसऱ्या कंपनीचा घे, तो कधी दगा देत नाही. तू सांग. तूच तपासतेस ना. कुठला घेऊ?”

लेकीच्या कुठल्याही प्रश्नाला तिने आजवर उत्तर दिलं होतं. खरं नसलं तर धीराचं. आज तिला ते जमलं नाही. “मला माहीत नाही,” ती म्हणाली.

लेकीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग फोन परत उचलला. “मग हाच ठेवते. याचं काय चुकतं ते तरी आता ठाऊक आहे.”

*

शनिवारी ती कागद घेऊन साहेबांसमोर बसली. पुढच्याच आठवड्यात एका मोठ्या रुग्णालयाची माणसं अ‍ॅप बघायला येणार होती. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

“मॅडम, ही सेटिंगची बाब आहे. फोन झोपतो, त्याला आपण काय करणार? आपलं अ‍ॅप बरोबर आहे.”

“आपण म्हणतो सर्व फोनवर वाजतं. नाही वाजत.”

“वाजतं असं आपण का म्हणतो? तुम्ही लिहून दिलंत म्हणून.” साहेबांचा आवाज चढला. “खुराडं कुणाचं? मी पाहुण्यांना दाखवत फिरलो!”

“माझंच,” ती म्हणाली. “म्हणून तर आले. माझ्या जुन्या सगळ्या सह्यांना मी आज नापास देतेय. हवं तर मलाही द्या. पण लोकांना आजच्या आज कळवा.”

साहेब खिडकीशी गेले. वाईट माणूस नव्हता तो, घाबरलेला माणूस होता. शेवटी ते म्हणाले, “ठीक आहे. अ‍ॅपमधूनच सगळ्यांना सूचना पाठवू. सेटिंग कशी बदलायची, फोन आपोआप सुरू झाला तर आकडा लगेच घालायचा, सगळं लिहू. चष्म्याला बसवा.”

दुपारी सूचना गेली. चष्म्याने पडद्यावर आकडा दाखवला: इतक्या हजार फोनांना पाठवली. नापासबाईने पर्स उचलली आणि जिना उतरायला लागली. आठवड्यात पहिल्यांदाच तिला भूक लागली होती. दुसऱ्या मजल्यावर, दवाखान्याच्या दाराशी तिचे पाय थांबले. सूचना अ‍ॅपमधून गेली होती. ज्या फोनांत अ‍ॅप झोपलेलं होतं, त्यांना ती कोण सांगणार?

ती धापा टाकत वर आली तेव्हा साहेब कुलूप लावत होते.

“साहेब, ज्यांना कळायला हवं त्यांनाच कळलेलं नाही.”

साहेबांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं आणि ते कुलपावरचा हात तसाच ठेवून उभे राहिले. “मग काय, पत्रं लिहायची?”

“फोन करायचा. साधा फोन. तो सगळ्यांवर वाजतो. निजलेल्यावरही, कुलूपबंदावरही.”

“त्या निजणाऱ्या चार प्रकारचे फोन वापरणारे सहाशेच्या वर आहेत, मॅडम.”

“त्यांतली मुलं आधी. दीडशे असतील.”

साहेबांनी कुलूप काढलं. हेल्पलाइनच्या मुलीला घरून परत बोलावलं. तिच्या यादीतले नंबर तिच्याशिवाय कुणाला बघायची मुभा नव्हती. साहेबांनी लेखी दिलं तेव्हाच तिने ते उघडले. तिघंजण तीन टेबलांवर बसली. चष्मा चौथ्यावर बसला. त्याला अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. त्याने समोर वाक्य लिहून घेतलं आणि तेच वाचून दाखवू लागला.

पहिले आजोबा म्हणाले, नातवाचा फोन आहे, तो आला की सांगतो. नापासबाई म्हणाली, नको, कागद घ्या, आत्ता लिहा. दुसरीने ओरडून विचारलं, तुम्ही इतके दिवस झोपला होतात का? ती “हो” म्हणाली आणि सेटिंग सांगत राहिली. तिसऱ्याला वाटलं कुणीतरी फसवतंय, फोनमध्ये शिरायला बघतंय. त्याने शिव्या देऊन फोन ठेवला. तिने परत लावला. परत शिव्या. तिसऱ्यांदा तिने नुसतं एवढंच म्हटलं, “मी काही विचारत नाही, कुठला आकडाही मागत नाही. माझीपण एक मुलगी आहे, तिचा फोन वाजला नाही. तुम्ही ऐका आणि ठेवून द्या.” तो गप्प राहून ऐकत होता, एवढं तिला त्याच्या श्वासावरून कळलं.

तेरावा नंबर सात वर्षांच्या मुलाचा होता. नोंदीवर आईचं नाव आणि तिचाच नंबर. पलीकडे घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. आंघोळीला गेली असेल. बाजारात असेल. फोन पिशवीच्या तळाशी असेल. हेल्पलाइनची मुलगी म्हणाली, “पुढचा घ्या, ताई. यांना नंतर करू.”

नापासबाईने मान हलवली आणि पुन्हा तोच नंबर लावला.